ईश्वरप्पा धनुरे हयात असल्याबाबत

जबाब देणार : महांतेश संगप्पा हालगे, वय २५ वर्षे, शिक्षण नववी नापास, धंदा खाजगी नोकरी (पॅकिंग कंपनीत माल भरणे), मूळ राहणार तेलघाणी गल्ली, लातूर, सध्या राहणार वापी, राज्य गुजरात.

मला पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून मी स्वतः हजर होऊन सांगतो की, वरील मूळ पत्त्यावर माझी आई मल्लम्मा एकटी राहते. वडील वारलेले आहेत. शाळा सोडल्यावर मी पुण्यात हॉटेलात, नंतर हैदराबादला रंगकामावर होतो. सध्या वापीला आहे. माझं एका जागी मन लागत नाही असं आई म्हणते. ते बरोबर आहे.

मोबाईलवर 'तेलघाणी गल्ली बातमी' नावाचा जो ग्रुप आहे तो मी चालवतो. नंबर माझ्या नावावर आहे. सुरुवातीला मी त्यात मोठ्या बातम्या टाकत होतो, म्हणजे पुढारी, अपघात, सोन्याचा भाव. कुणी बघत नव्हतं. आई फोनवर म्हणाली, "ते टीव्हीत बी दिसतंय. नळाचं सांग की." आमच्या गल्लीला नळ रोज येत नाही आणि येणार कधी ते कुणाला ठाऊक नसतं. मी वापीतून कमानीजवळच्या केवळाबाईला फोन लावला. त्या दुधाचा रतीब घालतात, सगळ्या गल्लीत फिरतात. त्यांनी सांगितलं, कमानीला पाणी आलं. मी ते ग्रुपवर बोलून टाकलं. खालच्या घरांनी भांडी लावून ठेवली. त्या दिवसापासून ग्रुप चालला.

नंतर बायकाच बातम्या देऊ लागल्या. लाईट कधी जाणार, कोणत्या डॉक्टरचा दवाखाना आज बंद आहे, कुणाची शेळी कुठं बांधून ठेवलेली आहे, असं. मी नियम केले. बातमी बोलून द्यायची. आधी स्वतःचं नाव आणि घर सांगायचं. डोळ्यानं बघितलेलंच सांगायचं, इकडून तिकडून आलेलं पुढं ढकलायचं नाही. मयताची बातमी असेल तर दोन माणसांनी सांगितल्याशिवाय टाकायची नाही. बातमी टाकताना देणाऱ्याचं नाव मी वर लिहितो, म्हणजे कुणी उगीच सोडत नाही. या नियमांमुळे लोकांचा भरवसा बसला. शेजारच्या दोन गल्ल्यांतले लोक आमचं बी चालू कर म्हणून मागं लागले होते. पिठाच्या गिरणीवाल्यांनी आणि एका मेसवाल्यांनी जाहिरात देतो म्हटलं होतं. यावर पोट भरेल असं वाटल्यास मी दिवाळीला कायमचा परत येणार होतो. आईनं पुढची खोली रिकामी करून ठेवली आहे. त्यात एक टेबल आहे.

श्री. ईश्वरप्पा धनुरे यांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांची मोंढ्यात भुसार मालाची आडत आहे. वय सत्तरीच्या पुढं. ते आजारी पडून मोठ्या दवाखान्यात होते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण ती बातमी ग्रुपवरच दिलेली होती. त्यांना घरी सोडल्याची बातमी मात्र कुणी दिली नव्हती.

घटनेच्या दिवशी मी दिवसपाळीत होतो. कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत तेवढा परत मिळतो. सुट्टीत मी मोबाईल चालू केला तेव्हा आईच्या नंबरवरून एक फोटो आलेला होता. फोटोत अप्पा भिंतीला पाठ लावून पाटावर बसलेले, डोळे मिटलेले, कपाळाला आणि दंडाला विभूती, अंगावर नवं पांढरं वस्त्र, गळ्यात हार. आजूबाजूला बायका डोक्यावरून पदर घेऊन उभ्या. कुणी हसत नव्हतं.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, आमच्या लिंगायत समाजात मयत माणसाला आडवं ठेवत नाहीत. बसवतात. पाठ भिंतीला लावतात, विभूती लावतात, हार घालतात आणि बसलेल्यालाच मातीत नेतात. वारले असं पण म्हणत नाहीत, लिंगैक्य झाले म्हणतात. आमच्या समाजाबाहेरच्या माणसानं तो फोटो बघितला असता तर त्याला पूजा दिसली असती. मला मयत दिसलं.

फोटोबरोबर आई काही बोललेली नव्हती. आईला बोलून पाठवता येतं, नेहमी पाठवते. त्या दिवशी ती बोलली नाही कारण पूजा चालू होती आणि पूजेत बोलायचं नसतं. हे मला नंतर कळालं. मी आईला फोन लावला, उचलला नाही. मग केवळाबाईला लावला आणि धनुऱ्यांच्या घरी माणसं जमलेत का विचारलं. त्या म्हणाल्या, "हाव, धनुऱ्यांच्या दारात मंडप हाय, लई माणसं जमलेत, स्वामी बी आलेत." कशासाठी ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, कारण मला माहीत असेल असं त्यांना वाटलं. माझ्या हिशोबानं दोन माणसं झाली. केवळाबाई जे बोलल्या ते सगळं खरं होतं आणि फोटो पण खरा होता. चूक त्या दोन्हींच्या मध्ये झाली, ती माझी आहे.

मी बातमी टाकली की, ईश्वरप्पा धनुरे लिंगैक्य झाले, अंत्यविधीची वेळ मागाहून कळवू. वर नेहमीप्रमाणे लिहिलं, बातमी देणार मल्लम्मा हालगे. नंतर मोबाईल गेटवर जमा करून मी आत गेलो. पाळी सुटेपर्यंत मला पुढचं काही माहीत नव्हतं.

पुढचं मी बघितलेलं नाही, केवळाबाईनं बघितलेलं आहे. अप्पा बरे होऊन आले म्हणून घरच्यांनी स्वामींना बोलावून पूजा केली होती आणि गल्लीला हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, जेवण ठेवलं होतं. पंगत उठायच्या वेळेला मोंढ्यातून हमाल लोक आले, डोक्याचे रुमाल काढून अंगणात उभे राहिले. त्यांना कुणीतरी जेवायला बसा म्हटलं. ते बसले नाहीत. एकजण म्हणाला, "आधी माती होऊ द्या." शिरूर अनंतपाळहून एक जीप हार घेऊन आली. रुद्रभूमीकडं दोन माणसं खड्डा खणायला गेली होती, त्यांना माघारी बोलवायला मागं माणूस पळाला.

अप्पांच्या थोरल्या बहीण नीलाबाई चाकूरला राहतात. त्या गल्लीच्या तोंडापासून रडत आल्या. अप्पा दारात हात धूत होते. ते म्हणाले, "अक्का, कोण गेलं गं?" नीलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि तशाच मागं सरकल्या. पायरीवरून पडून त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर घातलेलं आहे. तक्रार त्याबद्दल आहे आणि ती खरी आहे.

पाळी सुटल्यावर मी मोबाईल घेतला तर आईचे, केवळाबाईचे आणि अनोळखी नंबरचे बरेच फोन येऊन गेले होते. तेवढ्यात अप्पांच्या नंबरवरून फोन आला. मला वाटलं घरचं कुणी असेल.

"महांत्या, मी ईश्वरप्पा बोलायलोय."

मी मोबाईल कानापासून काढून नंबर परत बघितला.

"भिऊ नको. वरून न्हाई, घरून बोलायलोय. अक्काचा हात मोडलाय. तुझ्या मायच्या घरी जा म्हण कुणाला तरी, संगमेश्वर तिकडंच गेलाय रागात."

संगमेश्वर हे अप्पांचे चिरंजीव, या प्रकरणातले तक्रारदार. ते हातात मोबाईल धरून आमच्या दारात गेले होते, बातमीवर आईचं नाव होतं म्हणून. ते आईला काय बोलले ते आईनं मला सांगितलेलं नाही, त्यामुळं इथं लिहून देता येत नाही. शेजारच्यांना विचारलं तर त्यांनी ऐकलं नाही म्हणून सांगितलं. आमच्या गल्लीत शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झालेली पण ऐकू येते.

मी गेटवर उभं राहूनच चुकीची दुरुस्ती बोलून टाकली. अप्पा हयात आहेत, चूक माझी एकट्याची आहे, आईनं फक्त फोटो पाठवला होता, असं सांगितलं. जुनी बातमी काढली. ग्रुपमधून कुणी बाहेर पडलं नाही, उलट बाहेरगावचे लोक आत आले, काय झालं ते ऐकायला. पण त्या दिवसानंतर गल्लीतल्या एकाही बाईनं बातमी दिली नाही. पुढं नळ आला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आईला कळालं तोवर पाणी गेलं होतं. तिनं ते मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मी जेवलीस का विचारल्यावर. म्हणाली, "जेवले. भांडी घासायची तेवढी राहिलेत." त्याच दिवशी मी सुपरवायझरला न सांगता निघालो.

लातूरला उतरून मी घरी जायच्या आधी धनुरे यांच्या घरी नीलाबाईंना भेटायला गेलो. संगमेश्वर यांनी दार अडवलं. आतून नीलाबाई म्हणाल्या, "येऊ दे त्याला, मला बघायचंय कोण हाय त्यो." त्या खाटेवर बसलेल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. मी माफी मागितली.

त्या म्हणाल्या, "चाकूरपासून रडत आले मी. समदं रडून संपवलं. आता ह्यो खरंच गेल्यावर मी कशानं रडू?"

अप्पा शेजारी पेपर वाचत होते. ते म्हणाले, "तू माझ्यापेक्षा थोरली हायस. तुझा नंबर आधी हाय."

"बघा," नीलाबाई मला म्हणाल्या, "जिता हाय म्हणून असा बोलतोय."

संगमेश्वर हसले नाहीत. मी पण हसलो नाही.

आज रोजी ठाण्यात संगमेश्वर यांनी मागणी केली की, मी ग्रुप कायमचा बंद केल्याचं लेखी द्यावं, नाहीतर ते तक्रार पुढं चालवणार. ते म्हणाले, "हजार मैलांवर बसून गल्लीची बातमी देतोय. शेंबूड पुसायला तर इथं हायस का तू?" मी लेखी द्यायला तयार झालो. कागद पण घेतला होता. माझ्या आईला ठाण्यात बोलावू नये एवढीच विनंती मी साहेबांना केली.

त्या वेळेला अप्पा ऑटोनं ठाण्यात आले. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. साहेबांनी खुर्ची दिली. ते संगमेश्वर यांना म्हणाले, "बंद कशाला करतूस? परवा नळ आला, कुणी सांगितलं न्हाई. आपली बी टाकी कोरडीच हाय."

"अप्पा, आत्याचा हात मोडलाय."

"हाव, मोडलाय. म्हणून तर आलोय." मग ते माझ्याकडं वळले. "आमच्या येळेला मयताचा सांगावा घेऊन माणूस जायचा. निघायच्या आधी त्यो मढ्याच्या पाया पडायचा, मगच गावाची वाट धरायचा. ठाऊक हाय का?"

मी म्हटलं, ऐकलेलं आहे.

"तू कुणाच्या पाया पडलास?"

मी म्हटलं, कुणाच्या नाही.

"तिथंच चुकलं. पाया पडायला वाकला असतास तर मी बोललो असतो की, काय रं बाबा, काय पाहिजे तुला?"

ठाण्यातले एक-दोन कर्मचारी हसले. मी उठून अप्पांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी माझा खांदा धरून थांबवलं.

"आत्ता न्हाई. तवा पड. माझी बातमी तूच द्यायची, पण दारात उभं राहून. तिकडं वापीत वाकलास तर मला दिसायचं न्हाई."

संगमेश्वर यांनी तक्रार मागं घेतलेली नाही. विचार करून सांगतो म्हणाले आहेत. ग्रुप बंद करण्याचा कागद मी लिहिलेला नाही. ग्रुपमध्ये एक नियम आजपासून वाढवला आहे की, मयताची बातमी मी स्वतः त्या घरी जाऊन, पाया पडून आल्याशिवाय टाकणार नाही. हा नियम पाळायचा तर काय करावं लागतं ते मला कळतं. कंपनीतून सकाळपासून फोन येत आहेत. मी उचललेले नाहीत.

हा जबाब लिहिणारे साहेब वाचून दाखवत गेले आणि मी ऐकत गेलो. तो मी सांगितला तसाच आहे. ऐकताना दोन ठिकाणी दुरुस्ती झाली. एका ठिकाणी सवयीनं 'मयत ईश्वरप्पा' असं लिहिलं गेलं होतं. अप्पा समोरच बसलेले असल्यानं त्यांनीच ते खोडायला लावलं. दुसरी दुरुस्ती माझ्या सांगण्यावरून आहे. सुरुवातीला 'सध्या राहणार वापी' असं लिहिलेलं आहे ते रद्द समजावं. मग तिथं काय लिहू, असं साहेबांनी विचारलं. काही लिहू नका, आधीचा पत्ता आहे तोच राहू द्या, असं मी सांगितलं.