टाकीपर्यंतची वाट

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई! अगं, बोटांना ग्रीस लागलंय, फोनच उचलवेना माझ्या हातानं. थांब, पुसते… हं, बोल.

…नाही गं, धाप नाही लागलेली. वरून आत्ताच उतरले.

…वरून म्हणजे चढावरून. दगड नेत होते.

…हो, त्याच गाडीवर. दुसरी आहे कुठली आता?

…ट्रॅक्टर कसला? ट्रॅक्टर देऊनच तर ही घेतली. टेलिहँडलर.

…टे-लि-हँ-ड-लर. तुझ्या लक्षात राहणार नाही, सोड. बुटकी गाडी, चारही चाकं वळणारी, आणि पुढे एक लांब हात. घडीच्या छत्रीचा दांडा आतून बाहेर सरकतो ना, तसा. पुढे बकेट लावली की खडी उचलते, काटे लावले की दगड. आपल्या अरुंद रस्त्यावर मोठी गाडी येतेय कशाला? ही येते. गोठ्याचे पत्रे हिनंच चढवले. पडलेलं झाड एका दुपारी बाजूला केलं. नाहीतर चार माणसं शोधत फिरले असते मी.

…हो, मीच चालवते. साठीला आले म्हणून काय झालं? कंपनीच्या फिटरनं आठ दिवस शिकवलं. पहिल्या दिवशी फाटक पाडलं, ते सांगितलंच होतं तुला.

…नव्हतं सांगितलं? मग जाऊ दे.

…अगं, ऐक ना. ताई… ताई, मला माहितीये ट्रॅक्टर कुठे उलटला ते. मी होते ना इथे. खुबा ह्यांचा मोडला, पण आठ महिने ते वळण रोज डोळ्यांसमोर येतंय माझ्याच. म्हणूनच तर करतेय मी हे सगळं. घरापासून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत वाट कमी चढाची करायची, रुंद करायची, खडी दाबायची. म्हणजे ह्यांना वॉकर घेऊन वर जाता येईल. टाकीपासून बागेतली सगळी झाडं दिसतात. आठ महिन्यांत त्यांनी एक झाड बघितलेलं नाही. खोली ते ओसरी, ओसरी ते खोली. बोलणंसुद्धा किती? ‘हं’ आणि ‘नको’.

…आज? आज काही नाही.

…माझा आवाज नेहमीसारखाच आहे.

…बरं, सांगते. पण मध्ये ओरडायचं नाही. कबूल?… आधी हो म्हण.

सकाळी बकेटभर खडी घेऊन वर चालले होते. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवायची, गाडीचा हात आखडलेला ठेवायचा, सरळ चढायचं, सरळ उतरायचं. फिटरनं हे माझ्याकडून पाठ करून घेतलंय. आडवं वळायचं नाही म्हणजे नाही. आणि मी शहाणी! वळणावर पोचले, वाटलं, इथूनच हात लांब करून कडेला ओतावी, तेवढाच फेरा वाचेल. हात उचलला, लांब केला… आणि मागचं चाक खचलं.

…तू कबूल केलं होतंस, ताई.

…दरीच्या बाजूचं. कडेची माती आतून पोकळ होती, वरून कळलंच नाही. गाडी कलली. आत भोंगा वाजायला लागला, सारखा, सारखा. समोर पातळी दाखवणारा बुडबुडा असतो, तो पार एका टोकाला गेला. ताई, फिटरनं शिकवलेलं एक अक्षर आठवेना मला. माझे हात स्टिअरिंगला चिकटले. नुसतं दार दिसत होतं. वाटत होतं, पट्टा सोडावा आणि उडी टाकावी.

…नाही टाकली. ऐक तरी.

मला आधी आवाज आला ह्यांचा. वाटलं, ओसरीवरून ओरडताहेत. पण आवाज जवळचा होता. मान वळवली तर हे वळणाखाली उभे! वॉकर घेऊन. पायऱ्या उतरून, चाळीस पावलं कच्च्या वाटेनं चढून आलेले. ज्या माणसाला मी अंघोळीला धरून नेते, तो!

…कसे आले ते त्यांनाही सांगता येत नाही. एका पायात चप्पल होती, दुसरी वाटेत पडलेली.

…म्हणाले, “पट्टा सोडू नकोस. उडी मारू नकोस. मी मारली होती.”

…हो ना. त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच बोलले. आठ महिन्यांत डॉक्टरांना नाही, मला नाही. आणि आज भर वळणावर, भोंगा वाजत असताना.

मग म्हणाले, “माझ्याकडे बघ. चाकाकडे नको. हात आधी आत घे. हळू. अजून. आता खाली. टेकव जमिनीला.” बकेट टेकली आणि गाडी जराशी सावरली. भोंगा थांबला. ती शांतता, ताई… ती आत्ताही ऐकू येतेय मला. मग म्हणाले, “खडी तिथंच सोड, आणि आलीस त्याच चाकोरीतून मागे ये. चाक वळवायचं नाही.” एका हातानं वॉकर धरलेला, दुसऱ्या हातानं खुणा करताहेत. ये, ये, ये… बस. आले मी सपाटीला.

…मी ठीक आहे गं. खरंच. ओरखडासुद्धा नाही. उतरले आणि तिथेच बसले मातीत.

…तेही बसले. एका दगडावर. मग म्हणतात, “कडेला दगड रचल्याशिवाय एक बकेट टाकायची नाही तिथे. पाण्याचा चर आधी, दगड मग, खडी शेवटी.” मला रागावले, ताई! चांगले आवाज चढवून रागावले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

…आता? आता तिथेच आहेत. दुपारी जेवले आणि परत गेले. काठीनं चराचं माप घेताहेत. खिडकीतून दिसतात मला.

…बोल ना. अशी चाचरतेस काय?

…फ्लॅट? कुठला फ्लॅट?

…तुझ्या शेजारचा. हं. लिफ्ट आहे. बरं. समोर दवाखाना. बरं… पण तुला कोणी सांगितलं होतं बघायला? गेल्या वर्षी मी नाही म्हटलं होतं ना? आणि मालकाला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय म्हणून मला आज…

…काय?

…कोणी सांगितलं म्हणालीस?

…ह्यांनी?

…कधी?… तीन आठवडे झाले?

…नाही. मला नाही बोलले. एका शब्दानं नाही.

…वाच. मेसेज आहे ना, मग वाचून दाखव. नको लपवूस.

…

…परत वाच. शेवटचं.

…‘तिला वरून उतरताना बघवत नाही. माझ्यापायी अडकली आहे. तुम्ही समजावा, माझं ऐकणार नाही.’

…रडत नाहीये. ग्रीस गेलं डोळ्यात.

…अगं, मी अडकलेय असं कोण म्हणालं? मी कधी…? हो, लग्न होऊन आले तेव्हा म्हणत होते. आईला रोज पत्र लिहायचे, मला घेऊन जा म्हणून. तूच लिहायचीस ना उत्तरं? पण त्याला किती वर्षं झाली! माणूस काय तेच धरून बसतं का?

…हं. आता तसं वाटत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलंही नाही, हेही खरं.

…थांब. थांब, आले वाटतं. पायरीवर वॉकर वाजला. नाही, ठेवू नकोस. राहा लाईनवर.

अहो, सावकाश. तो उंबरा बघा… बसा आधी. पाणी देते… ताई आहे. फ्लॅट सापडलाय म्हणते. लिफ्टवाला.

…खाली काय बघताय? मला वाचून दाखवलंय तिनं सगळं.

…रागावले नाहीये. नाही हो. फक्त मला एक सांगा, मी ती वाट कुणासाठी करतेय असं वाटतं तुम्हाला?

…हो, तुमच्यासाठी. पण तुम्ही उद्या म्हणालात की मला वर जायचंच नाही, तरी मी ती पुरी करणार. कारण मला जायचंय. मला आवडतं इथे. मला! तुमची टेकडी म्हणून नव्हे. पहाटे गाडी सुरू करून वर जाते ना, तेव्हा खालचं घर काडेपेटीएवढं दिसतं, आणि मला वाटतं, हे सगळं मी राखलंय. अडकलेली बाई असं म्हणेल का?

…मग विचारायचं होतंत. ताईला काय विचारता?

…मीही सांगायला हवं होतं. बरोबर. चुकलं माझं.

…हॅलो, ताई? आहेस ना? ऐकलंस?… तू कशाला रडतेस आता?

…नको. मालकाला नाही म्हणून कळव. आजच कळव, त्या बिचाऱ्याला ताटकळत ठेवू नकोस. आणि तुला एवढी काळजी असेल तर तूच ये इथे महिनाभर. भाऊजींनाही आण.

…ह्यांचं काय? हे हसताहेत.

…नाही गं, खरंच हसताहेत. म्हणजे… डोळे पुसताहेत आणि हसताहेत. आणि मला काहीतरी बोलायचंय म्हणतात. फोन ठेव म्हणतात.

…हो. हो गं. उद्या करते. ठेवते आता.