स्वरूपनं लावलेला फॉल्ट

— व्हय, तेच ते मशीन, भिंतीकडंचं. बसा की सर, आल्या आल्या त्याच्याच मागं कशाला लागताय? निपाणीस्नं येताना गाडीत जागा मिळाली न्हाय म्हणालात, आधी चहा घ्या, मग वर्ग दाखवते, मग पोरांची नावं सांगते — बरं, बघा, बघा. उद्यापासनं तुमचाच वर्ग हाय. मला आक्का म्हणा, समदे तेच म्हणतात. जिन्यापाशी बोर्डावर नाव वाचलासा न्हवं, ‘स्वरूप हार्डवेअर अँड नेटवर्किंग’? त्या स्वरूपची मी थोरली भन. त्यो गेल्यावर लोक म्हणाले, आक्का, बोर्ड बदला, गेलेल्या माणसाचं नाव बघून पोरं यायची न्हाईत. मी म्हटलं, का? पोरं काय भितात व्हय नावाला? आन आली की पोरं. येत्यात अजून. सर तेवढे टिकत न्हाईत.

तुम्हाला त्याची पद्धत सांगून ठेवते, म्हंजे उद्या पोरांनी विचारलं तर अडायला नको. संध्याकाळी वर्ग सुटला की समद्यांना घालवायचा, दार आतनं लावून घ्यायचा, आन चांगलं चालणारं मशीन मुद्दाम बिघडवायचा. हसू नका, खरंच. फॉल्ट लावायचा म्हणायचा त्याला. कधी वायरीच्या टोकाला दोन तारा अदलाबदल, कधी दोन मशीनला एकच नंबर, मग ती दोघं भांडत बसणार नेटवर्कवर, कधी मेमरीची पट्टी बघायला बसलेली पण आत न्हाय बसलेली. सकाळी पोरं आली की शोधा म्हणायचा. पुस्तकातलं परीक्षेला चालतंय, म्हणायचा, पण ते सर्टिफिकेट घेऊन उद्या हापिसात गेलासा की साहेब सांगणार हाय व्हय तुम्हाला, हा तिसऱ्या धड्यातला फॉल्ट म्हणून? मराठीत सुरू करायचा, कन्नडमध्ये संपवायचा, मधी सगळं इंग्लिश. आन कुणाला सापडला तर शाबासकी न्हाय हां, नुसतं मागनं येऊन हळूच विचारायचा — कसं कळलं? त्याला त्यातच गोडी. सापडलं ह्याच्यापेक्षा कसं कळलं हे त्याला मोठं. आन एक नेम होता त्याचा, मोडायचं न्हाय. नुसतं बिघडवायचं. जे हातानं लावलं ते हातानं निघालं पाहिजे.

घरी आला की जेवताना मला सांगायचा. रोज. आक्का, आज हे लावलोय, आक्का, आज ते लावलोय — ताटात बोटानं रेघा ओढून, भाताची मशीनं करून. मला काय कळतंय त्यातलं? पण मी व्हय-व्हय म्हणायची, आन त्याला वाटायचं आक्काला कळलं. लग्न केलं न्हाय त्यानं, माझं माणूस लौकर गेलेलं, सांबऱ्यातल्या त्या घरात आम्ही दोघंच. मग त्या फॉल्टच्याच गोष्टी. लोकांच्या घरात मालिका असत्यात, आमच्या घरात ते असायचं.

त्या दिवशी हिथनंच फोन केलता. ह्याच खुर्चीवरनं केला असंल, न्हाय? म्हणाला, आक्का, आज लई भारी लावलोय बघ, महिनाभर पोरांना सापडायचा न्हाय. मी म्हटलं, काय लावलास? तर म्हणाला, आता न्हाय, घरी आल्यावर सांगतो, जेवाण वाढून ठेव. विमानतळाच्या अलीकडं रोडवर एक ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत विटा भरलेल्या, मागं दिवा न्हाय, काय न्हाय. गाडीचं पुढचं चाक तेवढं धड राहिलं. — न्हाय, न्हाय, तुम्ही बघत रहा, मी रडत न्हाय. वर्ष होऊन गेलं. मला रडू त्याचं येत न्हाय आता. मला नुसतं वाटतंय, जेवाण वाढलेलं होतं आन त्यानं सांगितलं न्हाय.

तर तेव्हापासनं हे मशीन. दिवसभर बरं चालतंय, आन मधीच नेटवर्क जातंय. परत आपलं आपण येतंय. समदे सर येऊन बघून गेले, कुणालाच सापडला न्हाय. तुमच्या हातातलं ते काय, टेस्टर? व्हय, हाय माझ्या ओळखीचं, आठ दिवे एकामागनं एक लागले पाहिजेत. सातवा न्हाय लागला? आता लागला? तसंच करतंय ते. सापडायचं न्हाय, स्वरूपनं लावलेला हाय त्यो, सोपा असंल व्हय? मी पोरांना पण तेच सांगते. बघा रं, सरांचा फॉल्ट अजून जिवंत हाय, शोधा. पोरं आधी शोधायची. आता त्या मशीनवर कोण बसतच न्हाय. म्हणतात, आक्का, त्याच्याजवळ अंगावर काटा येतोय. खुळी पोरं.

आन तुम्हाला सांगते, कुणाला बोलू नका — त्याची एक येळ हाय. संध्याकाळी. वर्ग सुटल्यावर मी हिथं बसते, त्या डब्याच्या समोर, काय म्हणतासा त्याला, स्विच. त्याच्यावर एकेका मशीनचा एकेक दिवा. समदे हिरवे लुकलुकत असत्यात, मी बघत बसते. आन बरोबर त्याच्या येळेला, दार लावून तो फॉल्ट लावायला बसायचा त्या येळेला, त्या एका मशीनचा दिवा विझतो. मी म्हणते, आलास व्हय रं? मग जरा वेळानं परत लागतो. रोज न्हाय. पण बहुतेक रोज. मी त्याला दिवसभराचं सांगते, कोण आलं, कोण गेलं, कुठल्या पोराला कुठं नोकरी लागली. मग कुलूप लावून घरी जाते. घरी कोण हाय? जे हाय ते हिथंच हाय.

— काय म्हणालात? शटर? मष्णूच्या दुकानाचं? व्हय, त्याच येळेला ओढतोय त्यो, खाली किराणा हाय न्हवं त्याचा, आन शटर जुनं, भिंत सगळी हादरती. म्हंजे तुमचं म्हणणं, भिंत हादरली की वायर — ते पाटील सर पण असंच म्हणालते. न्हाय हो. रविवारी मष्णूचं दुकान बंद असतं तवा — तवा विझत न्हाय, पण रविवारी वर्ग तरी कुठं असतो? स्वरूप रविवारी कशाला येईल?

पाटील सर म्हंजे आधीचे. दोन महिने होते. शिकवायचे चांगलं, त्यात खोट न्हाय. त्यांच्या आधी एक म्याडम होत्या, विद्युल्लता म्याडम, त्यापण चांगल्या. न्हाय, सोडून न्हाय गेल्या. मीच म्हटलं, नको आता. कशाला म्हणजे काय? पटलं न्हाय. तिनं भिंतीवरची ती प्लास्टिकची पट्टी उघडली, आतल्या वायरी बघितल्या, आन मला म्हणाली, आक्का, उंदीर. मी म्हटलं, म्याडम, खाली मष्णूकडं गहू, शेंगदाणे, गूळ, एवढं समदं टाकून उंदीर वर येऊन प्लास्टिक खातोय व्हय? तर म्हणाली, खातोय. पाटील सर पण तेच. त्यांच्या आधीचा त्यो हुबळीचा पोरगा, त्योपण तेच. समद्यांना एकच कसं दिसतंय कोण जाणे. — मगाशी मी काय म्हणाले? कुणाला सापडला न्हाय म्हणाले? मग? सापडला कुठं? उंदीर म्हंजे सापडलं व्हय?

तुम्ही पट्टी उघडू नका, सर. टेस्टरनं बघा तेवढं, पट्टी राहू द्या. ऐका जरा. मला तुम्ही टिकायला पाहिजेत. परीक्षा पुढच्या महिन्यात हाय, बारा पोरं बसल्यात, एका पोराचे वडील, जोतिबा म्हणून, परवा हिथं येऊन बोलून गेले, आक्का, आता हे सर गेले तर आम्ही पोरं काढून दुसरीकडं घालणार, समद्यांचं ठरलंय. म्हंजे मग वर्गच बंद. बोर्ड उतरवायचा. स्वरूपनं एकेक मशीन स्वतः उघडून, जोडून उभं केलंय हे. म्हणून म्हणते, तुम्ही शिकवा, अकरा मशीनवर शिकवा, मी तुम्हाला काय कमी करणार न्हाय. हे एक सोडा.

तुम्हाला वाटत असंल, आक्काला कुणी समजावून सांगितलं न्हाय. सांगितलंय हो. आरोही म्हणून पोरगी होती त्याच्या शेवटच्या बॅचला, आता बेंगळूरला एका कंपनीचे कंप्युटर सांभाळती. दिवाळीला फोन केला तिनं, आन बोलता बोलता रडायला लागली. म्हणाली, आक्का, सरांनी त्या दिवशी लावलेला फॉल्ट खिडकीजवळच्या मशीनला होता. वर्ग परत सुरू झाला त्या सकाळी मी ते चालू केलं, झालं न्हाय, उघडलं, बटणाची बारकी वायर काढून बाजूच्या पिनांवर लावलेली. मी लावली जाग्यावर. अर्ध्या तासात झालं. सर न्हाईत, कुणाला सांगायचं, म्हणून कुणालाच सांगितलं न्हाय. मागनं कोण विचारायला आलं न्हाय, आक्का, असं म्हणाली, आन रडली.

आता तुम्हीच सांगा. त्यानं मला काय सांगितलेलं? महिनाभर सापडायचा न्हाय. आन ही म्हणती अर्ध्या तासात. मग त्यो कसा असंल त्याचा? असूच शकत न्हाय. व्हय, फुशारकी मारायचा त्यो, रोजच म्हणायचा महिनाभर, आन रोज सकाळी सापडायचा, ते मला म्हाईत हाय — पण त्या दिवशीचं येगळं. आवाज येगळा होता. मी ऐकलाय आवाज. त्या पोरीनं शेवटचं असं सहज काढून टाकलं असंल, कुणाला न सांगता, कुणी न विचारता, आन मी हिथं वर्षभर — न्हाय. तसं न्हाय होत.

— सर. सर, पट्टी उघडू नका म्हटलं न्हवं मी. उघडलीच का? बरं. दाखवा. हिकडं उजेडात आणा. व्हय, दिसतंय, वरचं कातडं गेलंय, आतल्या तारा उघड्या पडल्यात. दात? कसले दात? पकडीचे हाईत ते. वायर धरायची पकड होती त्याच्याकडं, तिला दात होते, हे असेच बारके बारके. त्यानं पकडीनं चेपून — मोडायचं न्हाय म्हणायचा, खरं हाय. पण चेपलं म्हंजे मोडलं व्हय?

ते काय पडलं खाली?

त्या पट्टीतनं. काळं काळं, जिऱ्याएवढं.

हात लावू नका. मी झाडून काढते.

नवीन वायर पिशवीतच ठेवा, सर. ही होती तशी आत घाला. व्हय, तशीच, तुटकी. पट्टी दाबून बसवा. लावा तिकडचं टोक. दिवा लागला न्हवं? बास.

तुम्ही उद्या येऊ नका. जोतिबांना काय सांगायचं ते मी बघते, बोर्डाचं पण मी बघते. पोरांनी विचारलं तर सांगते, ह्या सरांना पण सापडला न्हाय. चला, उठा आता. मष्णूची शटर ओढायची येळ झाली, मला हिथं बसायचंय.