अक्षराचा आकार छत्तीस

वहिनी : आठ महिने सख्ख्या भावाशी बोलणं नाही, आणि आलात ते थेट दवाखान्यात, त्यांच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी. आज निदान घरात आलात, भाऊजी. बसा. खुर्ची त्यांची आहे, चावणार नाही.

दीर : दादाच्या कॉम्प्युटरवरचा लिहायचा एडिटर उघडत नाही म्हणालात. तेवढं बघतो आणि निघतो. काय होतं नक्की?

वहिनी : टिचकी मारली की लाल अक्षरांत काहीतरी येतं आणि बंद पडतं. त्यांची शुद्ध गेली, ती परत आलीच नाही; दवाखान्यात नेलं त्या सकाळपासून असंच आहे. शेवटचे तीन महिने हे दार लोटून इथे काय लिहीत होते, ते मला वाचायचंय. दुसरं काही मागत नाही.

दीर : एडिटरला काही झालेलं नाही. सेटिंगची फाईल बिघडलीय. दादा रंग, कीबोर्डच्या कळा, अक्षरं सगळं स्वतः लिहून ठेवायचा. त्यात कुठेतरी कंस सुटलाय.

वहिनी : तो आता शोधायचा कसा?

दीर : अर्धी फाईल बंद करायची आणि उघडून बघायचं. उघडला, तर चूक बंद केलेल्या अर्ध्यात. मग त्याचं पुन्हा अर्धं. दादानेच शिकवलं.

वहिनी : शिकलात, आणि गुरूलाच कामावरून घरी बसवलंत.

दीर : वहिनी...

वहिनी : बोलून गेले. मनात होतं ते आलं बाहेर.

दीर : कारखान्यासाठी दादाने तयार केलेल्या पंपाच्या माहितीपुस्तिकेत सोळाचा दाब सहा छापला गेला. कारखान्याच्या माणसांनी पान माझ्यापुढे आपटलं. त्याआधीही दोनदा आकडे चुकले होते. किती पोटात घालायचं?

वहिनी : तुम्ही वाचलं नव्हतंत छापायच्या आधी?

दीर : दादाच्या हाताखालून गेलेलं मी कधी तपासलंच नाही. वीस वर्षांत गरज पडली नाही... थांबा. हे काय लिहिलंय त्याने?

वहिनी : काय?

दीर : आमची पद्धत आहे. सेटिंग बदललं की जुनी ओळ पुसायची नाही. शेजारी तारीख टाकायची, कारण लिहायचं. हे बघा. ‘अक्षराचा आकार चौदा. डोळे दमतात.’ मग अठरा. मग ‘चोवीस. मोठं करून फरक नाही. डावीकडचं निसटतं.’

वहिनी : तारीख वाचा.

दीर : राहू द्या ना.

वहिनी : डॉक्टर म्हणाले, डोक्यातली गाठ वर्षभराची आहे, आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. तेव्हापासून मी स्वतःला खातेय. ताटातलं डावीकडचं सगळं तसंच राहायचं हो. मी म्हणायचे, आताशा माझ्या हातचं गोड लागत नाही तुम्हाला. हे मुकाट्याने ताट फिरवून घ्यायचे. वाचा तारीख.

दीर : चोवीसची मागच्या वर्षातली आहे. पंपाच्या कामाआधी तीन आठवडे.

वहिनी : म्हणजे ठाऊक होतं त्यांना.

दीर : दिसत नाही एवढंच ठाऊक होतं. खाली लिहिलंय, ‘चष्मा बदलायला हवा. सवडीने.’

वहिनी : सवडीने! या माणसाला जन्मात कधी सवड मिळाली होती?

दीर : सोळातला एक डावीकडे होता, वहिनी. त्याला सहाच दिसला. आणि मी चारचौघांत म्हणालो, तुझं लक्ष उडालंय, घरी बस. तो नुसता चष्मा पुसत राहिला.

वहिनी : इथेही सारखा पुसायचे. मला वाटलं, खोड लागली.

(दीर फाईलचा उरलेला अर्धा भाग बंद करून पुन्हा उघडून बघतो.)

वहिनी : सापडली का चूक?

दीर : सापडली. शेवटच्या ओळीत आकार छत्तीस केलाय. ओळीच्या सुरुवातीचा कंस राहिलाय, अगदी डाव्या कडेला.

वहिनी : दिसला नसेल.

दीर : नसेल. ही ओळ लिहिली आणि एडिटर बंद पडला. छत्तीसचं अक्षर त्याने पाहिलंच नाही... घ्या, उघडला.

वहिनी : केवढाली अक्षरं ही. मला इथूनही दिसतायत. पण हे सगळे आकडेच आहेत. कसले?

दीर : पंपाची पुस्तिका. पहिल्या पानापासून पुन्हा लिहिलीय. प्रत्येक आकड्यापुढे ‘तीनदा पाहिला’, ‘तीनदा पाहिला’. एकशे चाळीस पानं.

वहिनी : आणि मी समजत होते, माझ्यासाठी चार ओळी असतील.

दीर : वहिनी, मी...

वहिनी : असू दे. हे करायला त्यांना सांगितलं कुणी?

दीर : कुणीच नाही. आम्ही त्याच आठवड्यात दुरुस्ती करून पुन्हा छापली होती. दादाला मी कळवलं नाही. रागात होतो.

वहिनी : ते नव्हते हो रागावलेले. त्या दिवशी घरी आले, कपडे न बदलता इथेच बसले, आणि म्हणाले, धाकटा बरोबर बोलला, माझंच लक्ष उडालंय.

दीर : शेवटपर्यंत तसंच वाटत होतं त्याला?

वहिनी : हो, भाऊजी. तसंच मानून गेले.