बाळाच्या बाटलीनं सुटलेलं टर्बोचं कोडं

हसू नका, पण आमची टर्बो गाडी मी दुरुस्त केली. तेलंगण वेगळं झालं त्या वर्षी ह्यांनी जुन्या गाडीला जादा जोरासाठी टर्बो बसवला, टाकीला शोभेचं नवं झाकणही. जोरात पळवली की पेट्रोलचं प्रेशर पडायचं, गाडी गचके खायची. मांडीवर बाळ, माझा जीव टांगणीला.

हैदराबादेत नारायणगुड्याचे मेकॅनिक सलीमभाई थकले. "भाभी, पंप दो बार बदला, समझमेच नै आरा."

तिथंच गॅरेजात बाळ बाटलीनं दूध पीत होतं. जोरात ओढलं तसं निपल चपटलं, दूध थांबलं. मी बाटलीचं झाकण सैल केलं, हवा शिरली, दूध आलं.

"भाई, टाकीचं झाकण उघडा बरं."

हे हसले, "सातवी पास इंजिनिअर!"

उघडलं तर फुस्सकन हवा आत ओढली गेली! नव्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं. जुनं लावून हिमायतनगरपर्यंत दामटली, पेट्रोलच्या प्रेशरचा काटा जराही खाली आला नाही.

सलीमभाई ह्यांना म्हणाले, "भाईसाब, आइंदा गाडी भाभीकोच दिखाओ."