पुलावर रिकामा झालेला टँकर

जबाब देणार: टँकरचालक बाई, वय चौतीस वर्षे, धंदा खत प्रकल्पावर गाडी चालवणे, राहणार प्रकल्पामागील कामगारांच्या खोल्या.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी आईसह राहते. आमच्या प्रकल्पावर भाजीबाजारातला सडका माल, खानावळीतले उष्टे आणि गोठ्यातले शेण येते. ते बंद टाकीत कुजवून गॅस काढतात आणि मागे काळे पातळ खत उरते. त्यात पिकाला लागणारे नत्र, स्फुरद, पालाश असते. शेतातून जे बाजारात गेले, त्यातले उरलेले परत शेतात नेऊन सोडायचे, एवढेच माझे काम. त्यात माणसाचा मैला नसतो. हे मी आज सकाळपासून भेटेल त्याला सांगत आले आहे. निदान इथे तरी नीट लिहून घ्यावे.

माझ्या ताब्यातला टँकर पूर्वी मैला उपसण्याच्या कामावर होता. प्रकल्पाने त्याला हिरवा रंग दिला, पण रंग उन्हाने विटला आणि खालची 'मैला वाहन' ही अक्षरे वर आली. पुन्हा रंगवून द्या म्हणून मी व्यवस्थापकांच्या मागे लागले होते. "आत काय आहे ते महत्त्वाचं. बाहेरून कोण बघतंय?" असे ते म्हणाले. बाहेरूनच सगळे बघतात.

आज सकाळी मी भरलेला टँकर घेऊन ओढ्यापलीकडच्या मळ्याकडे निघाले. मळा माझ्या सख्ख्या मामांचा आहे. गेले दोन हंगाम मी त्यांच्याकडे खत सोडते. त्यांची पालेभाजी आजूबाजूच्या मळ्यांपेक्षा उजवी येते. कुणी विचारले तर ते "जमिनीचा गुण आहे" असे सांगतात. हे मला ठाऊक होते. मी त्याचे कधी वाईट वाटून घेतले नाही.

ओढ्याच्या पुलावर पंधरा-वीस माणसे आडवी उभी होती. मागच्या आठवड्यात ओढ्यात मासे मरून वर आले होते, तेव्हापासून गावाचा संशय टँकरवर होता. पुढे पिठाच्या गिरणीवाले होते. त्यांनी बॉनेटवर हात आपटून "आत काय आहे?" असे विचारले.

मी "खत" म्हणाले.

"खताला असली घाण येते?"

"मग काय अत्तराचा वास येईल?" असे मी म्हणाले. हे बोलायला नको होते. तिथून गर्दी चढली. "अक्षरं वाचता येतात आम्हाला," असे मागून कोणी ओरडले.

मी खाली उतरून त्यांना टाकी, शेण, उष्टे सगळे समजावले. पालथ्या घड्यावर पाणी. गिरणीवाले म्हणाले, "एवढं चांगलं खत आहे तर ते मागवणाऱ्याचं नाव सांग." नाव सांगायची गरजच नव्हती. मामा गर्दीत दुसऱ्या रांगेत उभे होते. मला हायसे वाटले. मी म्हणाले, "मामा, सांगा की यांना."

मामांनी आधी गिरणीवाल्यांकडे पाहिले आणि मग खाली पाहिले. ते म्हणाले, "मी काही मागवलं नाही. भाची आहे माझी, ते खरं. पण तिच्या धंद्याशी आमचा संबंध नाही."

त्यानंतर कोणीतरी टँकरच्या मागची झडप फिरवली. कोणी, ते मी पाहिले नाही, कारण मी मामांकडे पाहत होते. आवाज आला तशी मी धावले. झडप दोन्ही हातांनी बंद करू लागले, तेव्हा डाव्या हाताची बोटे चेमटली. मामांनी मागून माझे दंड धरले व "जाऊ दे पोरी, जाऊ दे," म्हणाले. त्यांनी धरले नसते तर झडप बंद झाली असती. सगळे खत पुलावरून ओढ्यात गेले.

शेतात ते पिकाला लागते, पण वाहत्या पाण्यात एकदम गेले की त्यानेच मासे गुदमरतात. हेही मी ओरडून सांगत होते. आता ओढा काळा झाला आहे आणि तो मी केला, अशी माझ्यावर तक्रार आहे. टँकर जप्त आहे. व्यवस्थापकांनी फोनवर "उद्यापासून येऊ नकोस" असे कळवले. मासे आधी कशाने मेले ते मला माहीत नाही. कोणी शोधलेलेही दिसत नाही.

मळ्यासाठी लेखी मागणी होती का, असे विचारल्यावरून सांगते की नव्हती. घरच्या माणसाकडून कोण लेखी घेतो? गाडी चालवायलाही मला मामांनीच शिकवले. वडील गेल्यावर आम्ही मायलेकी त्यांच्याकडे राहायला होतो, तेव्हा.

दुपारी मामा व मामी ठाण्यात आले. मामा बाकावर माझ्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणाले, "तू एवढंच सांग, रस्ता चुकलीस आणि गाडी वळवताना झडप सुटली. चूक म्हटलं की थोडक्यात मिटतं. माझं नाव आलं तर माझी एक जुडी कोणी घेणार नाही बाजारात. तुझ्या बापाच्या जागी आहे ना मी?"

मामी म्हणाल्या, "पोरीचा हात बघितलात का आधी?" मामांनी तोवर बघितला नव्हता. मग बघितला आणि ते उठून बाहेर गेले. ते परत आले नाहीत. मामींनी आपलाही जबाब घ्यावा असे साहेबांना सांगितले आहे आणि त्या बाकावर थांबल्या आहेत.

मी रस्ता चुकले नव्हते. मामांविरुद्ध तक्रार द्यायची आहे का, असे साहेबांनी विचारले. त्यावर मला आज काही सांगता येत नाही.

हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. पुलावरच्या मजकुरात 'गर्दीतील एका इसमाने संबंध नाकारला' असे लिहिले गेले होते. ते खोडून मी तिथे 'माझ्या सख्ख्या मामांनी' असे घालायला लावले. मामांचे पूर्ण वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहायला लावले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. डावा हात बांधलेला असल्याने कागद मामींनी धरला आणि मी उजव्या हाताने सही केली.