खडूस काकूचा एक तारा कमी

आत्या: पुस्तक मिटून असं उजेडात धर, मुंगे. पानांची कडा बघ. इथपर्यंत पिवळसर आहे, आणि इथून पुढे एकदम पांढरी. मधे पट्टीने रेघ मारल्यासारखी. म्हणजे आधी ज्याने कुणी वाचलं, त्याने निम्म्याच्या जरा पुढे येऊन सोडून दिलं. वाचकाचं मत म्हणून हे धरायला हरकत नाही.

मुंगी: आत्या, हे पुस्तक प्रकाशकांकडून कोरं आलंय. वरचं प्लॅस्टिक मी तुझ्यासमोर फाडलं.

आत्या: मग हा पिवळेपणा कशाचा?

मुंगी: वास घे.

आत्या: बाम.

मुंगी: नानांच्या गुडघ्याचा बाम! निम्म्यात सोडून देणारी ती थोर वाचक तूच आहेस.

आत्या: हं. मी हात धुते तसे.

मुंगी: दिसतंय. अख्ख्या शहराचं पाणी तपासणाऱ्या बाईचे हात. बरं, रिव्ह्यू कुठाय? माझ्या पुस्तकांच्या पेजवर पोरं विचारून विचारून थकली. एकाने तर लिहिलंय, खडूस काकू गेल्या की काय?

आत्या: गेल्या म्हणजे कुठे?

मुंगी: वर.

आत्या: कळव त्यांना, काकू आहेत तिथेच आहेत.

नाना: कोण आलं?

आत्या: कोणी नाही, नाना. वाऱ्याने कडी हलली.

नाना: वारा होय. बरं.

मुंगी: नाना वाऱ्याचीपण हजेरी घेतात.

आत्या: हळू बोल, आतल्या खोलीत सगळं ऐकू जातं. तुझ्या आजीला दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचा डोळा लागला होता. तिला बाहेर नेताना कडी वाजली ती त्यांनी ऐकली नाही, आणि आजी परत आली नाही. तेव्हापासून एकही कडी सोडत नाहीत. आपण उत्तर द्यायचं. तेवढ्याने त्यांचं भागतं.

मुंगी: आणि तू घरात नसलीस तर?

आत्या: प्रयोगशाळेत असते तेव्हा शेजारच्या काकू येऊन बसतात. एरवी मी असतेच.

मुंगी: बरं, ऐक. काल मी तुझे सगळे रिव्ह्यू एका बैठकीत वाचून काढले. वाचून दाखवते, चेहरा सरळ ठेव. ते आरशांच्या शहराचं पुस्तक. 'नायिका कुंपणावरून उडी मारते, उत्तम. पण दुसऱ्या दिवशी आजोबांना इंजेक्शन कोण देणार? एक तारा कमी.'

आत्या: बरोबर आहे ते.

मुंगी: थांब. ते भुयारातल्या मुलांचं. 'बंड पेटतं तो भाग जमला आहे. मात्र त्या दिवशी धाकट्या भावाला शाळेतून कोणी आणलं, हे लेखकाने सांगितलेलं नाही. एक तारा कमी.' आणि ते, जिथे सरकार सगळ्यांची स्वप्नं तपासतं. 'मांजराचं काय झालं? एक तारा कमी.'

आत्या: पहिल्या प्रकरणात मांजर होतं. आजारी होतं. नंतर गायब. असं कसं चालेल?

मुंगी: आमच्या कॉलेजात आता असं म्हणायची पद्धत झालीये, माहितीये? कुणी मोठा प्लॅन सांगायला लागला की सगळे एका सुरात ओरडतात, 'मांजराचं काय?'

आत्या: चांगली सवय आहे.

मुंगी: आत्या, डिस्टोपियन कादंबरी आहे ती! जुलमी राजवट, ड्रोन, भिंती, उपासमार. आणि तुला सगळ्यात एकच दिसतं. पोरगी निघाली, मागे कोण?

आत्या: राजवट उलथणं सोपं असतं, मुंगे. चारशे पानांत होऊन जातं. दुपारच्या गोळ्या अवघड असतात.

मुंगी: म्हणून तर हे पुस्तक मी मुद्दाम तुझ्यासाठी मागवलं. मी ते फोनवर आधीच वाचलं होतं. म्हटलं, घ्या, खडूस काकूंच्या मापाने शिवलंय. आणि तू नेमकी इथेच अडकलीस. का?

आत्या: बरं लिहिलंय. वेळ होत नाही.

मुंगी: वेळ होत नाही म्हणणाऱ्या बाईने मागचं पुस्तक दोन दिवसांत फाडून खाल्लं होतं. सांग ना, काय खटकलं?

आत्या: तू वाचलं आहेस, तुला काय सांगू?

मुंगी: मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. रिव्ह्यूच समज.

आत्या: ठीक आहे. शहर जमिनीखाली आहे. हवा वरून ओढून घ्यावी लागते. प्रत्येक गल्लीला एक पंप, आणि पंपाचा दांडा फिरवायला एक माणूस. आपली नायिका तिच्या गल्लीची पंपवाली. तिला वर जायचं आहे. फाटकाला कुलूप नाही. पहारा नाही. हे मला आवडलं. फक्त एकच नियम: जाण्याआधी दांडा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचा.

मुंगी: आणि ती देते. म्हणजे देत राहते. एकेकाला शिकवते, महिनोन्महिने. तुला हवं ते सगळं करते. मांजराचीसुद्धा सोय लावते!

आत्या: हो. आणि प्रत्येकात तिला काहीतरी कमी दिसतं. एकाचा हात जड. एकीला मधेच झोप लागते. एक जण फार जोरात फिरवतो. मग गल्लीतला तो म्हातारा तिला म्हणतो, 'तू फिरवतेस तेव्हाच हवा गोड लागते गं.'

मुंगी: आणि?

आत्या: आणि तिथे मी पुस्तक मिटलं.

मुंगी: कडा पांढरी झाली ती जागा.

आत्या: ...तुझा फोन वाजतोय.

मुंगी: माझा नाही, तुझा वाजतोय. उशीखाली. आत्या, तू फोन उशीखाली ठेवलास? उचल की.

आत्या: राहू दे. त्या संशोधनवाल्या डॉक्टरबाई असतील.

मुंगी: तळ्याच्या कामाचं विचारायला?

आत्या: तुला कुणी सांगितलं?

मुंगी: बाबाने. त्याला त्यांनीच फोन केला होता. म्हणाल्या, तुमची बहीण तीनदा 'कळवते' म्हणाली, मला आता दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल. काय काम आहे गं नक्की?

आत्या: मोठं तळं आहे. हिरवं पडत चाललंय. ते का, आणि कधीपासून, हे तळातल्या गाळावरून शोधायचं. तिथेच राहून. बाटल्या बाटल्या पाणी तपासून 'पिण्यास योग्य' लिहायचं नाही, तर एकाच पाण्याला तीन वर्षं प्रश्न विचारत बसायचं.

मुंगी: तुझा आवाज बदलला बघ हे सांगताना.

आत्या: उद्या सकाळपर्यंत कळवायचं आहे. नाही म्हणूनच कळवणार आहे मी.

मुंगी: का? बाबा म्हणतोय, आम्ही इकडे राहायला येतो. मला काय, इथून कॉलेज जवळ पडेल. तो तर दोन वर्षांपूर्वीसुद्धा हेच म्हणाला होता.

आत्या: दादाचं मन चांगलं आहे. पण तो नानांना धरून उठवतो तेव्हा हात फार जड पडतो त्याचा. वहिनीला दुपारी झोप लागते. आणि तू, तू सगळंच फार जोरात करतेस.

मुंगी: आत्या.

आत्या: काय?

मुंगी: तू आत्ता काय बोललीस, ऐकलंस का?

आत्या: ...ऐकलं.

नाना: अगं, गोळीची वेळ झाली ना?

आत्या: आले, नाना.

मुंगी: थांब, मी देते.

आत्या: नाही घेणार ते. माझ्याच हातून घेतात. आणि पाणी कोमट करायला हवं आधी.

मुंगी: बस गं तू. नाना, मी आलेय. ही घ्या गोळी.

नाना: ती कुठाय?

मुंगी: बाहेर बसलीये. पुस्तक वाचतेय.

नाना: बरं. पाणी?

मुंगी: हे घ्या. गारच आहे हं.

नाना: असू दे. हं. झालं. काय गं, ते पंपाचंच पुस्तक का? रात्री पाय चोळताना वाचून दाखवायची मला. मधेच बंद केलं. पुढे काय झालं त्या पोरीचं?

मुंगी: तुम्हाला काय वाटतं, नाना? जाईल ती?

नाना: छे! कुठली जातेय. चांगली मुलगी आहे ती.

मुंगी: चांगल्या मुली जात नाहीत?

नाना: ती उशी जरा वर सरकव. हां. तिला म्हणावं, वाच सावकाश. मी आहे इथेच.

मुंगी: ...दार लोटून घेतलंय. झोपतील आता. तू तशीच बसलीयेस!

आत्या: घेतली?

मुंगी: घेतली.

आत्या: कुरकुर? तोंड फिरवणं? 'तिलाच बोलाव'?

मुंगी: काही नाही. एका घोटात.

आत्या: गार पाण्याने?

मुंगी: नळाच्या.

आत्या: प्रयोगशाळेत मी कोऱ्या नमुन्याशिवाय एकही निकाल बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे काय, की बाटलीत साधं शुद्ध पाणी घ्यायचं आणि तीच तपासणी त्याच्यावरही करायची. मगच कळतं, दोष नमुन्यात आहे की आपल्याच भांड्यात. हाताखालच्या मुलींना मी यावरून रडवलंय. आणि घरात मी एकदाही दुसऱ्या कुणाला ती गोळी देऊन बघू दिली नाही. माझ्याच हातून घेतात, हे मी नुसतं धरून चालले.

मुंगी: मग चांगलंच झालं ना? सुटलीस.

आत्या: हो. चांगलंच झालं.

मुंगी: चेहऱ्यावरून तर वाटत नाही.

आत्या: रोज कोमट करत होते गं मी. बोट बुडवून बघायचे. थोडं तरी तोंड वाकडं करायला हवं होतं त्यांनी. हसू नकोस.

मुंगी: नाही हसत.

आत्या: आणि ते दुसरं बोलले, तेही ऐकलं मी. चांगली मुलगी आहे म्हणून.

मुंगी: ते पुस्तकातल्या पोरीबद्दल बोलत होते.

आत्या: हो का?

मुंगी: ...माहीत नाही.

आत्या: शेवट सांग मला. काय होतं तिचं?

मुंगी: नक्की? नंतर म्हणशील, मुंगीने मजा घालवली.

आत्या: सांग.

मुंगी: सगळी सोय लागते. एकूण एक. दांडा शेजारणीच्या हातात असतो, पंप छान चाललेला असतो, म्हातारा झोपलेला. ती गाठोडं घेऊन फाटकापाशी येते. फाटक उघडं. वरून उजेड येतोय, आणि तिला वास येतो, मातीचा. तिने तो कधीच घेतलेला नसतो. आणि मग ती म्हणते, 'वंगण तेवढं बघून येते.' मागे वळते. संपलं पुस्तक.

आत्या: वंगण.

मुंगी: पोरं जाम भडकलीयेत. एकीने पुस्तक भिंतीवर फेकलं. सगळे तुझी वाट बघतायत, खडूस काकू काय म्हणतात. किती देणार?

आत्या: पाच.

मुंगी: पाच? पाचपैकी पाच? तू? आजवर कुणाला दिलेत तू पाच?

आत्या: प्रत्येक लेखकाला मी तेच विचारत आले, मागची सोय काय केलीत? या लेखिकेने पहिल्यांदा नीट उत्तर दिलंय. सोय करत बसलं तर संपत नाही. माझी हरकत मी मागे घेते. जुने कापलेले तारेही परत करायला हवेत खरं तर. मांजराचा सोडून.

मुंगी: मांजराचा का सोडून?

आत्या: ते आजारी होतं.

मुंगी: धन्य आहेस! आणि डॉक्टरबाईंना काय कळवायचं?

आत्या: त्यांना कळवण्याआधी आत सांगायला हवं.

मुंगी: मग सांग.

आत्या: आत्ता त्यांचा डोळा लागत असेल. संध्याकाळी उठले, चहा झाला, पाय चोळून झाले, की मग शांतपणे...

मुंगी: वंगण, आत्या. चिडलीस?

आत्या: नाही. बरोबर पकडलंस. चपला घाल.

मुंगी: हाकलतेस मला?

आत्या: दाराशी जा आणि कडी वाजव.

मुंगी: का?

आत्या: आत जाऊन, पायाशी बसून सांगायला गेले, तर त्यांचा गुडघा दिसेल आणि मी बाम शोधायला लागेन. ओळखते मी मला. पण त्यांनी विचारलं, की मी उत्तर देते. इतक्या वर्षांत ते मी एकदाही चुकवलेलं नाही. तू कडी वाजव.

मुंगी: जोरात?

आत्या: तुला येते तशी.

(मुंगी दाराची कडी वाजवते.)

नाना: कोण आलं?

मुंगी: आत्या, बोल ना.

नाना: कोण आलं गं?

आत्या: कोणी आलं नाही, नाना. मी जाणार आहे.