सीडीला बाजू नसते

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं एक साधी गोष्ट मागितली की अख्ख्या जगाला आपलं डोकं चालवायची हौस का येते? तुम्हाला सांगतो, मला फक्त बाबांच्या रेकॉर्डी सीडीवर घ्यायच्या होत्या! बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले ऊठबस कमी करा, आणि रेकॉर्ड म्हणजे काय, जरा टेकावं तोच बाजू संपते, उठा, उलटी करा, सुई ठेवा... मी म्हटलं, 'मी लावतो की!' तर बाबा म्हणाले, 'सुईला हात लावायचा नाही!' आणि ऐकणंच सोडलं हो त्यांनी. घर अगदी गप्प झालं.

मग शेजारचे इंजिनिअर काका आले, न बोलावता. 'अरे, कॉम्प्युटरला जोड! पोरखेळ आहे!' आता आमचा कॉम्प्युटर चालू होईस्तोवर माझा चहा पिऊन, कप विसळून होतो! मला हवा होता एक वेगळा रेकॉर्डर, इकडून वायर घातली, लाल बटण दाबलं, तिकडून सीडी बाहेर. एवढंच!

गेलो दुकानात. दुकानदार म्हणतो, 'हा घ्या साहेब! रेडिओ आहे, घड्याळ आहे, गजर आहे!' म्हटलं, 'सीडीवर रेकॉर्ड होतं?' 'तेवढं सोडून सगळं होतं!' अहो, मला फक्त बाबांच्या रेकॉर्डी सीडीवर घ्यायच्यात! दुसरा डबा काढला, तर त्याला म्हणे खास सीडी लागतात. कुठे मिळतात? 'आता बंद झाल्या!' तिसऱ्याला रेकॉर्ड प्लेअरचा आवाज पुरत नाही, म्हणून मध्ये आणखी एक डबा! घरी बायको. 'मला एका भेटीत हो म्हणालात, आणि या डब्याला दोन महिने?' मी पिशवी उचलून पुन्हा दुकानात.

शेवटी घेतला एक. बाबा शेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले, तेवढ्यापुरती परवानगी मिळाली म्हणून सुई मी ठेवली, श्वास त्यांनी रोखला! आणि मशीन इतकं हुशार, की जिथे शांतता तिथे नवीन गाणं. गायक दम घ्यायला थांबला की हे म्हणतं, संपलं! एका गाण्याचे अकरा तुकडे! अरे बाबा, मला फक्त रेकॉर्डी सीडीवर घ्यायच्यात, खांडोळी नाही करायची! मग ते हुशारीचं बटण शोधून बंद केलं, दोन्ही बाजू सलग घेतल्या, आणि बाबांच्या हातात रिमोट दिला. म्हटलं, आता उठायचं नाव नको.

डोळे मिटून ऐकत होते हो... पहिली बाजू संपली, दुसरी लगेच सुरू झाली, आणि बाबा दचकून काठी घेऊन उभे!

'काय झालं?'

'बाजू संपली.'

'बाबा, सीडीला बाजू नसते!'

'गाण्याला असते. पहिली मनात बसायच्या आत दुसरी अंगावर सोडलीस. हे काय ऐकणं झालं?'

आता बोला! दोन महिने पायपीट केली ती कशासाठी? सगळ्या सीडी पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड केल्या मी. एका बाजूची एक सीडी. बाबा खूश, पाय पसरून रोज ऐकतात. बाजू संपली की जरा वेळ तसेच बसतात, मग नुसतं 'हं' म्हणतात. आणि सीडी बदलायला उठतं कोण...? थांबा, थांबा, 'हं' आलं बघा. आलो, बाबा, आलो!